फजरला निघताना कुत्री मोजा

आमच्या मोहल्ल्यात फजरच्या नमाजला निघणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातात हल्ली काठी असते. मशिदीच्या कोपऱ्यावर, कोंबडीच्या दुकानासमोर, सात-आठ कुत्री बसलेली असतात. गेल्या पावसाळ्यात मदरशातून परतणाऱ्या नऊ वर्षांच्या पोराच्या पोटरीला त्यातल्या एकाने चावा घेतला. घरच्यांनी जखमेत तिखट भरलं आणि गळ्यात तावीज बांधला. लस मिळाली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तीही शेजारच्या नर्सबाईंनी आरडाओरड केल्यावर. पोरगा बरा आहे. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रक्त आलं असेल तर लशीबरोबर सीरमचंही विचारायचं. तावीज नंतर बांधा.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते बदललं: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडा, पिसाळलेलं किंवा अंगावर येणारं मात्र सोडू नका. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांपुरता आणखी वेगळा आदेश आला. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तेव्हापासून दोनच पक्ष आहेत, मारा म्हणणारे आणि खाऊ घाला म्हणणारे. आपल्या शहरात कुत्री किती, त्यातल्या किती जणांची नसबंदी झाली, हे मी विचारलं की दोन्ही पक्ष गप्प.

मुंबईत कित्येक दशकं कुत्री मारली जात होती. त्याने ती संपली नाहीत. एका गल्लीतली मारली की शेजारच्या गल्लीतली येतात, कारण खाणं तिथेच असतं. नसबंदीचा नियम २००१ पासून आहे, २०२३ मध्ये तो नव्याने आला. नियमात तर्क आहे, राबवण्याची पद्धत मात्र चुकते. तक्रार आली की गाडी येते, चार कुत्री उचलते, निघून जाते. आमच्या धंद्यात याला एकेक तिकीट बंद करत बसणं म्हणतात. मूळ बिघाड तसाच राहतो.

हिशोब साधा आहे. समजा, एका वॉर्डात १००० कुत्री आहेत आणि वर्षभरात इकडून-तिकडून २०० ची शस्त्रक्रिया झाली. उरलेल्या माद्या वर्षातून दोनदाही विऊ शकतात, एका वेताला चार-सहा पिल्लं. बरीचशी पिल्लं मरतात हे धरूनही २०० चा फायदा वर्षभरात पुसला जातो. तेवढाच पैसा एका लहान भागात, थोड्या आठवड्यांत, ७०-८० टक्के कुत्री पुरी होईपर्यंत लावला आणि मग पुढच्या भागात सरकलं, तर आकडा खाली येतो. रेबीजच्या लशीलाही हेच लागू. दरवर्षी ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे शेजारच्या गोव्यात घडलं आहे. तिथे पथकं जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, प्रत्येक लसीची नोंद मोबाईल अ‍ॅपमध्ये जागेसह झाली, संध्याकाळी नकाशा बघून राहिलेल्या गल्ल्या कळल्या. शाळाशाळांतून मुलांना शिकवलं. २०१८ पासून पुढची काही वर्षं तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. अ‍ॅप बनवायला काही फार अक्कल लागत नाही. ते दररोज भरायला शिस्त लागते.

आता आपल्या घरातली गोष्ट. कोंबडीची आतडी गटारात टाकणारा दुकानदार आपला आहे, बकरी ईदच्या संध्याकाळी ओझडी कोपऱ्यावर ठेवणारेही आपणच. कुत्रं नापाक की काय यावर तासभर वाद घालतो आणि त्याला रोज जेवण आपणच वाढतो. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस बुखारीत आहे, ती सांगणारेही दगड मारतात. दुकानदारांनी झाकणाचे पिंप ठेवावेत आणि ते रोज उचलले जावेत, एवढं मशिदीच्या जमातीने ठरवलं तरी कोपऱ्यावरची टोळी पांगायला लागेल.

दुसरं काम फजरचं. कुत्री मोजायची ती पहाटेच, रस्ते मोकळे असताना. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या एका कानाला खाच असते. काठी घेऊन जाताच आहात, तर सात दिवस वहीत दोन रकाने करा: कान कापलेली आणि न कापलेली. शेजारच्या सोसायटीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या काकूंना बरोबर घ्या, त्यांना एकेक कुत्रं ओळखू येतं आणि त्यांच्या हाकेला ती येतातही. मग माहिती अधिकारात वॉर्डनिहाय शस्त्रक्रियांचा आकडा मागवा आणि वही शेजारी ठेवा. मी आमच्या चार गल्ल्यांत मोजली. ४३ कुत्री, खाच असलेली ६. अर्ज गेल्या सोमवारी टाकला आहे.