कॅबिनेटमध्ये दोन खण तरी हवेतच

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॅबिनेट बघायला गेलं, की आधी डोळ्यांत भरते ती काच आणि पंख्यांचे रंगीत दिवे. हार्ड डिस्क कुठे बसणार, हे विचारणारं गिऱ्हाईक विरळाच. विचारलं तर दुकानदार मागचं झाकण काढून तळाशी, पॉवर सप्लायशेजारी असलेला दोन डिस्कांचा पिंजरा दाखवतो. काही मॉडेलांत तोही नसतो.

पूर्वी कॅबिनेटचं तोंडच खणांनी भरलेलं असे. ‘सव्वापाच इंची’ खण प्रत्यक्षात पावणेसहा इंच रुंद आणि ‘साडेतीन इंची’ डिस्क चार इंचांची, कारण ही नावं आली फ्लॉपीच्या मापावरून. १९८० साली सीगेटने ५ मेगाबाइटची एसटी-५०६ डिस्क काढली, तीही फ्लॉपी ड्राइव्हच्याच आकारात. पुढे फ्लॉपी गेली, डीव्हीडी मागे पडली. एनझेडएक्सटीच्या २०१४ च्या एच४४० मध्ये सव्वापाच इंची खण एकही नव्हता. हार्ड डिस्कांची सोय मात्र राखली होती. वारा खेळावा, लांब ग्राफिक्स कार्ड मावावं, ही कारणं पटतात. पण त्याच ओघात हार्ड डिस्कची जागाही जाते आहे, ते चुकीचं आहे.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्याचं उदाहरण घ्या. सेकंदाला १०० मेगाबिटने ४के चित्रीकरण केलं, तर तासाला ४५ जीबी भरतात. तीन कॅमेरे चार तास चालले की ५४० जीबी, आणि दुसरी प्रत ठेवायची तर त्याच्या दुप्पट! एवढा साठा एसएसडीवर ठेवणं महाग पडतं, म्हणून हार्ड डिस्क अजून लागतेच.

एसएसडीत हलणारं काही नसतं, ती आडवी-उभी कुठेही आवळावी. हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते. ती पत्र्याला थेट आवळली, तर रात्री सगळं कॅबिनेट घुमत राहतं. नुसती ठेवून दिली, तर चालू असताना बसलेला एक धक्का पुरतो. ट्रे आणि स्क्रूखालची रबरी चकती असते ती यासाठीच.

स्क्रूचंही तसंच. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचा ६-३२ स्क्रू लागतो, अडीच इंचीला बारीक आट्यांचा एम३. घाईत जाड स्क्रू बारीक भोकात दाबून फिरवला, की पहिल्या दोन वेढ्यांतच आटे जातात आणि ती बाजू कायमची सैल राहते. दोन्ही स्क्रूंची वेगळी, नाव लिहिलेली पुडी देणं उत्पादकांना जड जाऊ नये.

कॅबिनेट घेताना काचेची बाजू बघून झाली, की दुसरं झाकण उघडायला लावावं, ट्रे ओढून बघावा आणि पुडीतले स्क्रू तिथेच मोजून घ्यावेत.