परीक्षा लागत नाही, म्हणून शिकायचंच नाही?



गेल्या महिन्यात माहेरी सांगलीला गेले होते. माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. मुलगा इचलकरंजीचा, जर्मनीत स्टुटगार्टला इंजिनिअर आहे. घर धार्मिक, माणसं साधी, नाव ठेवायला जागा नाही. भाची बी. फार्म. झालेली. लग्न ठरल्यापासून तिने जर्मन शिकायला घेतलंय, रोज पहाटे उठून वही घेऊन बसते. आम्ही बायका बस्त्याच्या याद्या करत होतो, तेवढ्यात दादा बातमी घेऊन आला. मुलाकडे ब्लू कार्ड आहे, त्यामुळे बायकोला जर्मनची परीक्षा द्यावीच लागत नाही! सगळ्यांना हायसं वाटलं. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं बाई, पुण्याच्या खेपा वाचल्या, फी वाचली." भाची काही बोलली नाही. वही मिटून आत गेली.

ती मिटलेली वही डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून लिहायला बसले.

दादाचं म्हणणं खोटं नाही. 2007 पासून जर्मनीचा नियम असा आहे की नवऱ्याकडे राहायला जाणाऱ्या बायकोने निघण्याआधीच 'ए-1' म्हणजे पहिल्या पायरीची परीक्षा द्यायची. आपलं नाव सांगा, त्याचं स्पेलिंग सांगा, गाव, वय, छंद सांगा, दुकानात काही मागून दाखवा, इतपत. शंभरात साठ मिळाले की पास. ब्लू कार्डवाल्यांच्या बायकांना यातून सूट आहे. आणि गंमत म्हणजे, त्याच बायकांना तिथे नोकरी करायची पूर्ण मुभासुद्धा आहे. मुभा सरकारने दिली, पण भाषा कोण देणार?

आता आपल्या घरातलंच बघा. तिथल्या डब्यांवर आणि पाकिटांवर आत काय आहे ते जर्मनमध्ये लिहिलेलं असतं. कांद्याला 'त्स्वीबेल', लसणाला 'क्नोबलाउख', मधाला 'होनिश', आणि अंड्याला चक्क 'आय'! बिस्किटाच्या पुड्यावर 'आय' वाचून आपली मुलगी आईची आठवण काढत खाऊन टाकायची. (हसू नका, मला आधी तसंच वाटलं होतं.) कंदमूळ पाळणाऱ्या घरातून मुलगी पाठवायची आणि पुडा वाचायला तिने संध्याकाळी नवरा कामावरून येईपर्यंत थांबायचं? डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्रिभोजन सोडलेल्या मुलीचं जेवण तर त्याच्या येण्याआधीच आटपायला हवं.

हर्मान याकोबी नावाच्या जर्मन पंडिताने प्राकृत शिकून श्वेतांबरांच्या आचारांग आणि कल्पसूत्राचं इंग्रजी भाषांतर केलं, ते 1884 मध्ये छापलं गेलं. आपला आचार समजून घ्यायला त्याने आपली भाषा शिकली. आपला आचार तिथे टिकवायचा तर त्याची भाषा आपल्या मुलींना नको का?

पण माझा खरा जीव अडकलाय तो तिच्या पदवीत. वहिनींना वाटतं, फार्मसी झालेली आहे, तिथे मेडिकलमध्ये सहज लागेल. तसं नाही हो. तिथे फार्मासिस्ट म्हणून परवाना हवा तर पदवीची तपासणी वेगळी, आणि भाषा बी-2 पर्यंत येऊन वर व्यवसायाच्या भाषेची परीक्षा सी-1 च्या पातळीची. रुग्णाला गोळी कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही, हे सांगणाऱ्याला भाषा पक्की हवीच, त्यात त्यांचं काही चुकत नाही. चार वर्षं दादाने फी भरली, ती पदवी तिथे गेल्यावर कपाटात ठेवायची का?

"तिथे गेल्यावर शिकेल की," असं जाऊबाईसुद्धा म्हणाल्या. शिकता येतं. सरकारी अभ्यासवर्ग असतात, त्यात भाषेचेच 600 तास असतात. पण नवा संसार, नवी थंडी, मग बाळ. आपण सगळ्याजणी जाणतो, "नंतर बघू" म्हटलेल्या किती गोष्टी नंतर झाल्या. गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने बी-1 गाठायला पंचेचाळीस मिनिटांचे 350 ते 650 तास लागतात. आत्ता ती माहेरी आहे, ताट वाढून मिळतंय, हेच दिवस आहेत.

आणखी एक गोष्ट लिहिते. अशुभ बोलते असं कुणाला वाटेल, वाटू दे. नवऱ्याच्या नावावर गेलेल्या बायकोला तिथे स्वतःच्या हक्काने राहता येण्यासाठी साधारणपणे तीन वर्षं एकत्र संसार झालेला असावा लागतो. पुढे कायमचं राहायचं किंवा नागरिक व्हायचं, तर तिचं स्वतःचं बी-1 लागतं. नवऱ्याचं ब्लू कार्ड तिथे तिच्या उपयोगी पडत नाही.

मुलींना शिकवायचंच असेल तर एक जपा. क्लासने दिलेला सोनेरी काठाचा कागद आणि परीक्षेचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने क्लासचा कागद जोडून व्हिसाचा अर्ज केला आणि तिचे चार महिने गेले. गोएथे, टेल्क, ओएसडी अशा मान्य परीक्षांचंच चालतं. पुण्याला मॅक्स म्युलर भवनात गोएथेची परीक्षा होते. बी-1 ला वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात, एक राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. काही मुलांना शाळेतच जर्मनची गोडी लागते, आपल्या मुलींना ती वाट नाही. त्यांना सांगलीहून बस पकडावी लागते, एवढाच फरक.

खर्चाचं म्हणाल तर बस्त्याच्या यादीत पाटल्यांचे दोन जोड होते. मी राहते त्या साताऱ्यात लक्ष्मीबाई भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्या मुलांशी त्यांचं रक्ताचं नातं नव्हतं. आमच्याकडे स्वतःच्या लेकीसाठी एक पाटली कमी करायची म्हटलं तर "लोक काय म्हणतील."

मी रात्री भाचीजवळ बसले. म्हटलं, तुला काय हवंय? म्हणाली, "आत्या, ए-1 झाल्यात जमा आहे. मला बी-1 करून जायचंय, पण बाबांना कोण सांगणार?" होणाऱ्या जावयालाही फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, खरं तर मलाच ते हवंय, पण मी कसं बोलणार?"

म्हणजे दोघांना हवंय आणि दोघंही गप्प आहेत.

पुढच्या वर्गाची फी मी भरली आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ती साताऱ्याला माझ्याकडे उतरेल, पहाटेच्या गाडीने आम्ही दोघी पुण्याला जाऊ. दादाला अजून सांगितलेलं नाही. वहिनी हे वाचतात, तेव्हा आज संध्याकाळपर्यंत फोन येईलच.