सातबाऱ्यावर घरधनिणीचे नाव



आज खतपाण्याचे बाजूला ठेवतो.

डॉ. गेल ऑम्व्हेट २५ ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातल्या कासेगावी वारल्या. जन्म १९४१ चा, अमेरिकेतला. डॉ. भारत पाटणकरांशी लग्न करून त्या कासेगावच्या सूनबाई झाल्या, १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना रेशनकार्ड मिळावे, जमीन मिळावी, म्हणून स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीत त्या लढल्या.

त्यांची आठवण मला इंदापुरात हटकून होते. डाळिंबाच्या छाटणीपासून तोडणीपर्यंत बाई राबते. ठिबकच्या अनुदानासाठी मी सातबारा मागतो, तर त्यावर नाव एकट्या कारभाऱ्याचे! बारामतीच्या उसाच्या पट्ट्यातही तेच. माझ्या घरी तरी कुठे वेगळे होते? आमच्या सौभाग्यवतींचे नाव लागले ते गेल्या वर्षी.

कारभारी, १९९२ सालापासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवऱ्याच्या संमतीने पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. अर्ज तहसील कचेरीत द्यावा. फार खर्चही नाही.

पुढच्या खेपेस बांधावर आलो, की पिकाआधी सातबारा पाहीन.