आमच्या वेळचें गाणें

पुणें-लोणावळें लोकल घोरावाडीस थांबेपर्यंत आमच्या वयाच्या गृहस्थांचा विलाप रंगांत आलेला असतो : पॉप असावें तर आमच्या वेळचें, हल्लीं नुसता गोंगाट! आम्हांस हें मुळींच मान्य नाहीं. १ नोव्हेंबर १९९६ रोजीं मायकेल जॅक्सन अंधेरीस गायला, तेव्हां त्यास धांगडधिंगा म्हणणारे याच गृहस्थांचे वडील होते. आणि त्या वडिलांना गहिंवर आणणारें नाट्यसंगीत तरी कोठें सोंवळें होतें? अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें तें साकी-दिंडीशेजारीं कर्नाटकी चाली बिनदिक्कत बसवून. (बिचारे शुद्धतावादी!) पुण्यांत २०१० सालीं सुरू झालेल्या वीकेंडर महोत्सवांतील एक तरी गिटार या गृहस्थांनीं शेवटपर्यंत ऐकली आहे काय?