प्रगतीचा ताळेबंद

वर्ष सरत आले की कुलगुरूंनी आपल्या सेवकवर्गापुढे संस्थेच्या प्रगतीचा तपशील मांडावा, हा शिरस्ता जुना आणि स्तुत्य आहे. परंतु त्या निवेदनात इमारती, अनुदाने आणि मंजुऱ्या यांचाच जमाखर्च असावा काय, हा प्रश्न धाराशिवसारख्या जिल्ह्यात बसून पाहताना अधिक तीव्रतेने जाणवतो. निजामी अमलात उच्च शिक्षणासाठी हैदराबादेकडे डोळे लावून बसलेल्या मराठवाड्याला २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्वतःचे विद्यापीठ लाभले, १४ जानेवारी १९९४ रोजी त्याच्या नावाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले, आणि २००४ साली त्याचे उपकेंद्र धाराशिवला आले, तेव्हा सुमारे अडीचशे किलोमीटरांवरची विद्या जणू वेशीपाशी येऊन उभी राहिली.

आता हिशेब घ्यावयाचा तो तिच्या उंबरठ्याचा. परंड्याहून पहाटेच्या एस.टी.ने निघालेली, मांडीवरच्या पिशवीत भाकरीचे फडके आणि प्रयोगवही जपणारी मुलगी वेळेवर पोहोचते काय, तिला कायम नेमणुकीचा अध्यापक भेटतो काय, तिच्या अर्जावर जावक क्रमांक टाकणाऱ्या कारकुनास आणि परीक्षानळ्या धुणाऱ्या परिचरास आपणही या प्रगतीचे भागीदार आहोत असे वाटते काय, या प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात सापडतील, तोच अधिसभेच्या दप्तरात बांधून ठेवण्यापलीकडे काही मोलाचा ठरेल.

— संपादक