मडावास्काची फ्रेंच अजून हातची गेलेली नाही

अमेरिकेच्या नकाशात ईशान्येला मेन राज्याचं टोक कॅनडात घुसलेलं दिसतं. तिथे सेंट जॉन नदी हीच दोन देशांची हद्द. दक्षिणेला फोर्ट केंट, फ्रेंचव्हिल, मडावास्का, व्हॅन ब्युरेन ही अमेरिकेतली गावं, समोरच्या काठावर कॅनडाचं एडमंडस्टन. दोन्हीकडे एकाच गोतावळ्यातली, पिढ्यानपिढ्या शेती करणारी फ्रेंचभाषक माणसं. कॅनडाच्या काठावर फ्रेंच शाळेत शिकवली जाते, सरकारी कचेरीत चालते. अमेरिकेच्या काठावर ती म्हाताऱ्यांच्या तोंडी उरत चालली आहे. तिथली फ्रेंच वाचवायला हवी, आणि ती वाचवता येईल, हे सांगायला हा लेख लिहितो आहे.

2000 च्या जनगणनेत मडावास्कातल्या 80 टक्क्यांहून अधिक लोकांनी घरी फ्रेंच बोलत असल्याचं सांगितलं होतं. त्या आकड्यावर विसंबून चालणार नाही. तेव्हा पन्नाशीत असलेले लोक आज पंचाहत्तरीत आहेत. नातवंडांना आजीचं बोलणं जेमतेम कळतं, आणि ती उत्तर देतात इंग्रजीत.

हे आपोआप झालेलं नाही. या लोकांचे पूर्वज अकेडियन, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरातले फ्रेंच शेतकरी. 1755 मध्ये इंग्रजांनी त्यांना घरादारांतून हुसकलं, जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं. वाचलेल्यांपैकी काही जण सेंट जॉन नदीच्या खालच्या अंगाला स्थिरावू पाहत होते, तोवर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाशी निष्ठा राखणारे लोक तिथे वसवले गेले आणि यांना पुन्हा उठावं लागलं. 1785 मध्ये काही कुटुंबं नदीने वर आली आणि आजच्या मडावास्काजवळ उतरली. तिथे वोलास्तोकी आदिवासींची वस्ती आधीपासून होती. त्यांच्या शेजारानेच हे लोक तगले. पुढे क्वेबेककडून आणखी फ्रेंच कुटुंबं आली. प्रत्येक घराला नदीचा काठ मिळावा म्हणून जमिनीच्या पट्ट्या अरुंद आणि लांबलचक पाडल्या: खाली पाणी, मग गाळाचं शेत, वर जंगल. आणि 1842 मध्ये वॉशिंग्टनला बसलेल्या दोन गृहस्थांनी, अमेरिकेचे वेबस्टर आणि ब्रिटनचे ॲशबर्टन यांनी, तहावर सह्या केल्या. नदी सीमा झाली. एक भाऊ ब्रिटिश प्रजा, दुसरा अमेरिकन. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तरीही भाषा टिकली. खरा घाव बसला तो 1919 मध्ये. मेनच्या विधिमंडळाने शाळेत इंग्रजीतूनच शिकवायचं असा कायदा केला. मैदानात फ्रेंच शब्द तोंडातून गेला तरी मुलांना शिक्षा होई, ‘मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा लिहावं लागे. पुढच्या दशकात मेनमध्ये कू क्लक्स क्लान ही वर्णद्वेषी संघटना फोफावली, आणि तिचा रोख फ्रेंच बोलणाऱ्या कॅथलिकांवर होता. कायदा 1960 च्या दशकात गेला, पण शिक्षा भोगलेली मुलं तोवर आईबाप झाली होती. आपल्या लेकरांवर ही वेळ नको म्हणून त्यांनी घरातच इंग्रजी आणली. त्यांना दोष देणं मला क्रूरपणाचं वाटतं. वर शाळेत जी फ्रेंच शिकवली गेली ती पॅरिसची. खोऱ्यातली बोली गावंढळ ठरली. वऱ्हाडी किंवा मालवणी घरी सोडून शाळेत गेलेल्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको.

आता शेतीकडे पाहा, कारण भाषेचा मुक्काम तिथे होता. बटाटे काढायच्या दिवसांत या भागातल्या शाळांना सुट्टी मिळे. मुलं, आया, आज्या एका वावरात वाकून टोपल्या भरत, आणि त्या गर्दीत फ्रेंच आपसूक कानावर पडे. आता काढणी यंत्राने होते. सुट्टीची प्रथाही काही शाळांनी सोडली. कुट्टूच्या पिठाचं प्लोय मात्र अजून तव्यावर पडतं. आपल्या घावनासारखं जाळीदार, पण उलटायचं नाही, एकाच बाजूने भाजायचं आणि लोणी लावून खायचं. फोर्ट केंटच्या विद्यापीठात अकेडियन दफ्तरखाना आहे, 2014 मध्ये जागतिक अकेडियन संमेलनही याच सीमाभागात भरलं. दोन्ही चांगलंच. पण दफ्तरात भाषा नीट राहते, ती बोलायला लागतात ती पोरं.

आणि पोरांना शिकवणारे नदीपलीकडेच बसले आहेत! एडमंडस्टनमध्ये फ्रेंचमधून शिकलेले, फ्रेंचमधून शिकवणारे शिक्षक आहेत. याच दोन गावांत कागदाचा लगदा नळातून सीमा ओलांडतो: एडमंडस्टनला तयार होतो, मडावास्काच्या गिरणीत त्याचा कागद होतो. लगद्याला जे जमतं ते शिक्षकाला का जमू नये? 2024 मध्ये दोन गावांना जोडणारा नवा पूलही खुला झाला. पण 2009 पासून इथली सीमा ओलांडायला पासपोर्ट किंवा तसाच कागद लागतो, आणि पूर्वी मावशीकडे सहज जाणारी माणसं आता विचार करून निघतात. 1970 च्या दशकात केंद्राच्या पैशांवर खोऱ्यातल्या शाळांत द्विभाषिक वर्ग चालले होते. पैसा आटला, वर्ग थांबले. मागणी साधी आहे: बालवाडीपासून रोज फ्रेंच, राज्याच्या कायमच्या तरतुदीतून, खोऱ्याच्या बोलीला मान देऊन, पलीकडच्या शिक्षकांना अलीकडे शिकवायची सोपी परवानगी देऊन.

यात मराठी माणसाने काय करायचं? मेनमध्ये राहणाऱ्या आणि तिथे मत असलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्या आमदाराला ही मागणी लिहून पाठवावी. अमेरिकेत ठिकठिकाणी शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालवणाऱ्यांनी आपला अनुभव तिकडच्या पालकांपुढे मोकळेपणाने मांडावा. सरकारची वाट न पाहता, तळघरात किंवा भाड्याच्या खोलीत, स्वयंसेवकांच्या बळावर वर्ग कसा उभा राहतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? बॉस्टनकडच्यांनी सुट्टीत न्यूयॉर्कऐवजी एकदा उत्तरेचा रस्ता धरावा, खोऱ्यातल्या शेतकऱ्याकडून कुट्टूचं पीठ विकत घ्यावं आणि दुकानात येत असेल-नसेल तेवढ्या फ्रेंचमध्ये बोलावं. गिऱ्हाईक फ्रेंच बोलतं म्हटल्यावर गल्ल्यावरचा मुलगाही बोलेल.

अकेडियनांचा राष्ट्रीय दिवस 15 ऑगस्टला असतो, त्यामुळे तारीख आपल्याला विसरता यायची नाही. यंदा त्या दिवसाआधी पत्र पाठवा. म्हातारी माणसं अजून शिकवू शकतात, पण आणखी दहा वर्षांनी त्यांच्यातली किती उरलेली असतील?