ॲपर्चरच्या चाचण्या नेमक्या कशासाठी?

‘पोर्टल’ (२००७) आणि ‘पोर्टल २’ (२०११) या व्हिडिओ गेममधील ॲपर्चर सायन्स ही काल्पनिक कंपनी माणसांना एकामागून एक चाचणीकक्षांत सोडते. हातातील यंत्राने भिंतींवर दोन द्वारे उघडायची, एकातून शिरायचे, दुसऱ्यातून बाहेर पडायचे. या प्रयोगांचा हेतू काय? ब्लॅक मेसा या प्रतिस्पर्ध्यावर मात, संस्थापक केव्ह जॉन्सनचा हट्ट, अशी उत्तरे खेळाडू देतात. ती चुकीची नाहीत, अपुरी आहेत.

एक द्वार जमिनीवर आणि दुसरे नेमके त्याच्या वर छताला उघडले, तर पडणारी वस्तू पडतच राहते. हवेचा अडथळा नसेल तर प्रत्येक फेरीत तिची गतिज ऊर्जा वाढेल. ऊर्जेच्या अक्षय्यतेलाच हे आव्हान! (द्वारांतून जाताना संवेग टिकतो, असे गेममधील संगणक सांगतो. प्रत्यक्षात टिकते ती केवळ चाल. दिशा बदलते, म्हणजे संवेगही बदलतो.) कोणताही भौतिकशास्त्रज्ञ सारे सोडून याच कोड्यापाशी बसला असता. ॲपर्चर मात्र एवढेच नोंदवते, की माणूस दारापर्यंत पोहोचला की नाही.

माणसेही बदलत गेली. १९५० च्या दशकात अंतराळवीर आणि ऑलिंपिकपटू (त्या काळी अंतराळवीर कुठून आले, हे कंपनीलाच ठाऊक), मग साठ डॉलरसाठी आलेले बेघर लोक, शेवटी सक्तीने कंपनीचेच कर्मचारी. प्रश्न कोणता, हे कुठल्याच टप्प्यावर कोणी लिहून ठेवले नाही.

खरे उत्तर ‘पोर्टल २’ मध्ये मिळते. प्रयोगशाळा चालवणाऱ्या यंत्रणेत अशी योजना आहे, की चाचणी सुटली की तिला सुख मिळते. व्हीटली तिचा ताबा घेतो तेव्हा हे सुख हळूहळू बोथट होते. भोवती प्रयोगशाळा कोसळत असतानाही त्याला पुढची चाचणीच हवी असते. साधन होते, तेच साध्य झाले.

भारतीय संशोधकांना हे अगदीच परके वाटू नये. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली. गुणवत्तेसाठी घातलेल्या त्या अटीच्या आडोशाने पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पोसली गेली होती. अट गेली, सवय राहिली. नव्या विद्यार्थ्याला आजही पुष्कळदा पहिला प्रश्न विचारला जातो तो, यातून पेपर किती निघतील?